मारवा : एक राग, अनेक तबकड्या

एकाच रागाची दोन मुद्रणं लागोपाठ ऐकल्याशिवाय तो राग पुरता कळत नाही, हे माझं फार जुनं मत आहे. एकच रेकॉर्ड वर्षानुवर्षं ऐकत राहिलं की आपण त्या गायकालाच राग समजू लागतो. भूप म्हटलं की किशोरीताई, वसंत म्हटलं की भीमसेनजी. दुसरी तबकडी लावली की कळतं, रागाचं काय होतं आणि गवयाचं काय होतं.

पाश्चात्य संगीताच्या रसिकांना हा छंद नवा नाही. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे सूर कागदावर पक्के लिहिलेले आहेत, तरी आर्थर निकिशने १९१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेली पाचवी आणि कार्लोस क्लायबरने १९७४ मध्ये व्हिएन्नाच्या वादकांकडून वाजवून घेतलेली पाचवी यांच्यावर तिथले शौकीन तासन् तास वाद घालतात. आपल्याकडे मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता जगभर गाजले. पण आमच्या परभणीसारख्या ठिकाणी सिंफनीच्या रेकॉर्डी पोचल्या त्या अगदी तुरळक. आमचा वाद ख्यालावर. आणि खरं सांगायचं तर ख्यालात तुलनेला जागा जास्त. सिंफनीत सूर ठरलेले, वाजवून घेणारा तेवढा वेगळा. ख्यालात आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि चार ओळींची चीज एवढंच हातात असतं. बाकी सगळं गवयाने त्या क्षणी उभं करायचं.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गने कलकत्त्याला गौहर जानचा आवाज मुद्रित केला. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या माणसांना गायिका कोण हे कळावं म्हणून ती शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगते. पुढे कारखाना कलकत्त्यालाच निघाला, १९२५ नंतर विजेवरचं मुद्रण आलं, १९५०च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे लाँग प्ले आली, मग कॅसेट. एवढी पार्श्वभूमी पुरे.

महत्त्वाची गोष्ट वेळेची. दहा इंची ७८च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मिळत, बारा इंचीला चारच्या वर. तासभर चालणारा ख्याल एवढ्यात बसवायचा. अनेक जाणकार त्या तबकड्यांना ‘झलक’ म्हणून बाजूला सारतात. मला ते मुळीच पटत नाही. दत्तात्रेय विष्णू पलुस्करांच्या ७८ ऐका. १९२१ मध्ये जन्मलेला हा गवई १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्यांच्या तीन मिनिटांत स्थायी, अंतरा, आलाप, बोलताना, ताना सगळं जागच्या जागी आहे. कुठे घाई नाही, शेवटची तान समेवर येते आणि पिन आतल्या गोल खाचेत जाते. मोठ्या ख्यालाचा तुकडा तोडून असं होत नाही. तीन मिनिटांसाठी वेगळा विचार करावा लागतो, आणि ज्यांनी तो केला त्यांच्याच तबकड्या आज टिकून आहेत.

केसरबाई केरकरांचंही तेच. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ यांनी स्वतःचा आवाज मुद्रित होऊ दिला नाही. भास्करबुवा बखल्यांचाही आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यामुळे जयपूर घराण्याचं त्या काळचं गाणं कसं होतं हे विचारणाऱ्याने केसरबाईंच्या ललिता-गौरीच्या किंवा नट-कामोदच्या तबकडीपाशीच जावं. आकार किती भरलेला, आणि तानेचा प्रत्येक दाणा किती सारखा! त्यांच्या भैरवीचं साडेतीन मिनिटांचं मुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

आमच्या मराठवाड्यात या तबकड्या पोचल्या निजामाच्या राजवटीत. काही हैदराबादहून, काही मनमाडच्या बाजूने रेल्वेने. त्यामुळे इथल्या जुन्या वाड्यांत बालगंधर्वांच्या नाट्यगीतांशेजारी उर्दू कव्वालीच्या तबकड्या सापडतात. गंगाखेडच्या एका घरी मी पाहिलेल्या लाकडी पेटीत अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर आणि नातिया कव्वाल्या एकाच कापडात गुंडाळलेल्या होत्या. या भागातल्या माणसांचा कान कसा घडला, ते त्या पेटीने मला सांगितलं. संतसाहित्याच्या अभ्यासकांनी गंगाखेडला जनाबाईंसाठी जावं, पण अशा पेट्याही बघाव्यात.

लाखेच्या या तबकड्यांना परभणीचा मे महिना मानवत नाही. आडव्या रचून वर ओझं ठेवलं तर त्या बशीसारख्या वाकतात. चावीच्या ग्रामोफोनला मात्र आमच्याकडे एक मान होता. भारनियमनाच्या दिवसांत सगळी गल्ली अंधारात असताना आमचं गाणं चालू असायचं. सेलूचे माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, पुष्कळदा मुक्कामालाच येत. त्यांचा नियम कडक. “आधी षड्ज लावा, मग तबकडी,” म्हणायचे. यामागे शास्त्र आहे. नावाला ७८ असली तरी जुन्या तबकड्यांचा वेग कधी सत्तरीच्या जरा वर, कधी ऐंशीच्या आसपास. वेग बदलला की पट्टी बदलते, आणि पट्टी बदलली की आवाजाचा पोतही बदलतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा एकच तुकडा दोन वेगवेगळ्या सीडींवर अर्ध्या सुराच्या फरकाने ऐकू येतो. कोणता खरा हे ठरवल्याशिवाय तुलना सुरूच करता येत नाही.

करीम खाँसाहेबांचं गाणं म्हणजे किराणा घराण्याचा उगमच. कैरानाचा हा माणूस मिरजेत स्थिरावला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पुदुच्चेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे गायक हजेरी लावतात. मी गेलो तेव्हा आधी सतारमेकरांच्या गल्लीत एका कारागिराला तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिलं. घोडीवर कानस अगदी हलक्या हाताने फिरत होती आणि तारेचा आवाज हळूहळू उघडत होता. तिथून दर्ग्यात गेलो आणि खाँसाहेबांच्या आवाजाला ती जवारी का आहे ते कळल्यासारखं झालं. त्यांची वसंतातली द्रुत चीज आणि तीच चीज भीमसेनजींच्या गळ्यातून, ही जोडी जरूर ऐकावी. खाँसाहेब सुराला स्पर्श करतात, भीमसेनजी त्याला कवेत घेतात. खाँसाहेबांची तबकडी ऐकूनच अकरा वर्षांचा भीमसेन घर सोडून गुरूच्या शोधात निघाला होता.

याच घराण्यात गंगूबाई हनगल. सुरुवातीच्या तबकड्यांवर त्यांचं नाव ‘गांधारी’ असं आहे आणि आवाज बारीक, गोड, उंच आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज भरदार, जवळजवळ पुरुषी झाला. दोन्ही एकापुढे एक लावले तर अनोळखी माणूस त्या दोन बायका आहेत असंच म्हणेल. पण सूर लावण्याची आस एकच आहे.

आता मारवा. एवढा वेळ मी याच्याकडेच येत होतो.

मारव्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. हेच सूर पूरियात आहेत, सोहनीत आहेत. पूरिया गंधार-निषादावर रेलतो, सोहनी तार सप्तकात रमते. मारवा मात्र धैवत आणि कोमल रिषभ या दोघांवर उभा, आणि या दोघांमध्ये षड्ज असूनही गवई षड्जावर बसत नाही. पंचम नसल्याने तंबोरा निषादाला किंवा धैवताला मिळवतात. ऐकणाऱ्याचा कान सतत षड्ज मागत राहतो आणि राग तो देत नाही. दिवस मावळतीची जी हुरहूर मारव्यात आहे, ती या न मिळणाऱ्या षड्जातून येते. परभणीत उन्हाळ्यात सात वाजता ऊन उतरतं, पण फरशी अजून तापलेलीच असते. मी मारवा त्या वेळेसाठी राखून ठेवला आहे.

पहिलं मुद्रण उस्ताद आमिर खाँ यांचं, एचएमव्हीचं १९६० मधलं लाँग प्ले. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मुंबईच्या चोर बाजारात ते मला मिळालं आणि देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्रभर मांडीवर ठेवून मी परभणीला आणलं. विलंबित झुमऱ्यात, चौदा मात्रांचं आवर्तन इतकं संथ की सम येईपर्यंत श्रोता वेळ विसरतो. ही लय त्यांनी अब्दुल वहीद खाँ यांच्या गाण्यातून उचलली. वहीद खाँ स्वतः ध्वनिमुद्रणाच्या वाटेला गेले नाहीत, त्यांचं थोडंफार गाणं रेडिओवरून टिपलेलं तेवढं उरलं आहे. म्हणून आमिर खाँच्या या तबकडीत मला दोन उस्ताद ऐकू येतात. मंद्र सप्तकातून धैवताकडे ते असे येतात की पुढचा सूर येण्याआधी त्याची जाणीव होते. तानासुद्धा आतल्या आत फिरतात, श्रोत्याला दाखवण्यासाठी एकही नाही. षड्ज ते किती वेळ लांबवतात ते मोजत बसू नये. पण तो आला की छातीवरचं ओझं उतरतं.

दुसरं मुद्रण वसंतराव देशपांडे यांचं. मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेले, ‘कालिया मर्दन’ या बोलपटात कृष्ण झालेले, पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी केलेले आणि १९६७ नंतर ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब म्हणून घराघरांत पोचलेले वसंतराव. तरुणपणी लाहोरला असद अली खाँ यांनी त्यांना अनेक महिने एकटा मारवाच शिकवला, असं सांगतात. त्यांचा मारवा ऐकला की ते पटतं. आमिर खाँ जिथे थांबतात तिथे वसंतराव उसळी घेतात. रिषभावरून धैवतावर झेप, मध्येच तान तोडून दुसरीकडे वळणं, आवाजाला मुद्दाम खरबरीत करणं. दीनानाथांचा पीळ त्यांच्या गळ्यात आहेच. ही हुरहूर शांत नाही. षड्ज मिळत नाही म्हणून हा माणूस भांडतो आहे असं वाटतं.

सेलूचे सर वसंतरावांच्या बाजूचे. “अहो, राग जिवंत कुठे आहे ते बघा ना!” असं म्हणून ते उठून उभेच राहायचे. मी आमिर खाँच्या बाजूचा, आणि आजही आहे. मारव्याचा स्वभाव अंतर्मुख आहे, तो भांडणाने उलगडत नाही असं मला वाटतं. पण एक कबूल करायलाच हवं. वसंतराव ऐकल्यानंतर आमिर खाँचा संथपणा किती कष्टाने मिळवलेला आहे हे कळतं, आणि आमिर खाँ ऐकल्यानंतर वसंतरावांची एकेक उडी किती सुरात पडते ते कळतं. एकट्याने ऐकून यातलं काहीच हाती लागलं नसतं. म्हणून सरांशी झालेले ते वाद मला मोलाचे वाटतात.

सवड असेल तर नंतर सारंगीही ऐकावी. पंडित रामनारायण यांच्या हातून शब्द नसताना सूर कसे बोलतात ते पाहण्यासारखं आहे. आणि शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, जो १९५२ पासून चालत आला, त्यात कुणाचा मारवा लागला तर सोडू नये. परभणी केंद्राने १३०५ किलोहर्ट्झवरून असं पुष्कळ गाणं आमच्या घरांत पोचवलं आहे.

नव्याने ऐकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. दोन्ही मुद्रणं आज मोबाइलवर सहज मिळतात. दिवेलागणीला बसा, आधी आमिर खाँ पूर्ण ऐका, मध्ये काही लावू नका, मग वसंतराव. क्रम उलटा करू नका, आधी वसंतराव ऐकले तर आमिर खाँची पहिली दहा मिनिटं तुम्हाला रिकामी वाटतील. आणि घरातल्या माळ्यावर जुन्या तबकड्यांची पेटी असेल तर ती भंगारात घालू नका. तबकड्या उभ्या ठेवा, लेबलांचे फोटो काढा आणि मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या, १९९० पासून हे काम करणाऱ्या जाणकारांना दाखवा.