पोरीचे पाय भरून येतात, कॅप्सूल आणू का?



गेल्या हिवाळ्यात एका गटाच्या मासिक बैठकीत दोन हजार चारशे रुपयांच्या अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलीचे औषध'. कसलं औषध म्हणून विचारलं, तर ताई म्हणाल्या, "पोरगी पोलीस भरतीसाठी पळते. पोटऱ्या दुखतात, पाय सुजल्यासारखे होतात. मैदानावर शिकवणारे सर म्हणाले, ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल द्या, सूज उतरते आणि वेळही सुधारतो. तीन महिन्यांचे डबे आहेत."

या ताई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. त्यांच्यासाठी ही रक्कम म्हणजे कितीतरी दिवसांची मजुरी. द्यावं की न द्यावं, कोणालाच कळेना. खरं सांगायचं तर आम्हालाही कळत नव्हतं. आम्ही आठवडाभराची मुदत मागितली, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, वाचलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो, कारण भरतीसाठी, कबड्डीसाठी, खो-खोसाठी पळणाऱ्या मुली आता गावोगावी आहेत.

आधी दुखण्याचं बघू. कापूस वेचणीच्या किंवा भात लावणीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आपलं अंग कसं भरून येतं? कंबर धरते, मांड्या दुखतात. चौथ्या-पाचव्या दिवशी तेच काम जमायला लागतं. पळणाऱ्या मुलीचंही तसंच होतं. सवयीपेक्षा जास्त मेहनत केली की स्नायूंच्या धाग्यांना अगदी बारीक इजा होते. तिथे रक्त जास्त धावतं, पांढऱ्या पेशी जमतात, मोडलेलं साफ करतात आणि नवं बांधायला सुरुवात होते. या कामात थोडी ऊब, थोडी सूज, थोडं दुखणं येतं. यालाच डॉक्टर दाह म्हणतात. हे दुखणं एक ते तीन दिवस जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं. म्हणजे हा दाह शत्रू नाही, तो दुरुस्तीला आलेला गवंडी आहे. त्याला पूर्ण हाकलून दिलं तर भिंत कोण बांधणार?

मग ओमेगा-थ्री काय करतं? हे एका प्रकारचं चांगलं स्निग्ध आहे. ते आपलं शरीर स्वतः तयार करू शकत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. ते पेशींच्या आवरणात जाऊन बसतं आणि काम झाल्यावर दाह शांत व्हायला मदत करतं. पण ते दुखण्याच्या गोळीसारखं तासाभरात काम करत नाही, त्याला कित्येक आठवडे लागतात.

खेळाडूंवर याचे बरेच अभ्यास झाले आहेत. काहींमध्ये व्यायामानंतरचं दुखणं थोडं कमी झालेलं दिसलं, काहींमध्ये काहीच फरक पडला नाही. कॅप्सूल घेऊन मुलगी जास्त जोरात पळेल, असा भक्कम पुरावा नाही. आणखी एक गोष्ट आम्ही डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत वाचली. हजार मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये हजार मिलिग्रॅम माशाचं तेल असतं, पण त्यात कामाचं ओमेगा-थ्री असतं साधारण ३०० मिलिग्रॅम. अनेक अभ्यासांत खेळाडूंना रोज दोन-तीन ग्रॅम दिलं होतं, म्हणजे अशा सात ते दहा कॅप्सूल. पोरीला सांगितली होती रोज एक. आणि स्वतःच्या मनाने जास्त घेणंही बरं नाही. जास्त मात्रेने पोट बिघडतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊच नये.

आता आपल्या घरात काय आहे ते बघू. आपल्याकडे ओमेगा-थ्रीचं सर्वांत स्वस्त धान्य म्हणजे जवस. एक मोठा चमचा जवसाच्या पुडीतून दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-थ्री मिळतं. बाईला दिवसाला साधारण १.१ ग्रॅम पुरेसं मानतात. मात्र जवसातलं ओमेगा-थ्री वेगळ्या प्रकारचं असतं. माशात असतं तसं त्याचं रूपांतर शरीरात होतं, पण फार थोडं. म्हणून मासे खाणाऱ्या घरात आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली मिळाली तर उत्तम. न खाणाऱ्यांनी जवस नेमाने खावा.

खायची पद्धत महत्त्वाची. अख्खा जवस बहुतेक तसाच पोटातून बाहेर पडतो, म्हणून कुटूनच खायचा. मंद आचेवर हलका भाजायचा, तडतडला की उतरवायचा, लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचा. चटणी आठ-दहा दिवसांपुरतीच करायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, कारण हे तेल लवकर खवट होतं. कारळाची चटणीही पौष्टिक आहे, पण कारळात ओमेगा-थ्री जवळजवळ नसतं. तेव्हा जवसाच्या जागी कारळ चालणार नाही.

पण मैत्रिणींनो, डॉक्टरांनी आम्हाला पहिला प्रश्न ओमेगाचा विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "मुलीचं हिमोग्लोबिन किती आहे? पाळी नियमित येते का? पळायच्या आधी-नंतर काय खाते?" २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. रक्तच कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, दम लागतो, पाय जड होतात. त्यावर माशाच्या तेलाचा उपयोग नाही.

या मुलीचं हिमोग्लोबिन निघालं ९.२. बाईचं १२ तरी हवं. ती पहाटे उपाशीपोटी पळत होती आणि आल्यावर नुसता चहा पिऊन कॉलेजला जात होती. पायात सोल झिजलेले जुने बूट. दुखणं नुसत्या पोटरीत नव्हतं, नडगीच्या हाडावरही होतं.

पुढच्या बैठकीत हे सगळं आम्ही मांडलं. एक मावशी म्हणाल्या, "मग औषध कशाला, पोरीला जेवू घाला की." ताईंनी स्वतःच अर्ज बदलला. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या फुकट मिळाल्या. गटाने बाराशे रुपये दिले ते बुटांसाठी. घरात ठरलं ते असं: पळण्याआधी एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर भाकरी, उसळ किंवा अंडं आणि जवसाची चटणी, वर लिंबू. गोळी घेतल्यावर तासभर चहा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि नडगीचं दुखणं थांबेपर्यंत पळणं बंद.

काही गोष्टींत मात्र घरी थांबू नका. हाडाच्या एकाच जागी बोट ठेवलं की दुखतं, एकच सांधा सुजून गरम होतो, रात्री झोपेतही ठणकतं, तीन महिने पाळी आली नाही, किंवा फार कसून व्यायाम केल्यावर लघवी काळपट झाली, तर डॉक्टरांकडे जा. काळपट लघवी असेल तर त्याच दिवशी. आणि पळायच्या आधी दुखण्याची गोळी घ्यायची सवय मुलींना लावू नका. ती पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देते, शिवाय दुखणं झाकून इजा वाढवते.

कॅप्सूल वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितली तर जरूर घ्यावी. पण आधी रक्त, मग जेवण, मग झोप आणि बूट. एवढं झाल्यावर पैसे उरले तर कॅप्सूलचा विचार.

ती मुलगी दीड महिन्याने पुन्हा मैदानावर उतरली. भरतीत ८०० मीटरला तिचा वेळ काय लागेल ते मैदानच सांगेल. परवा ताई हप्ता भरायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता जिना चढताना धापत नाही." आम्ही हप्त्याची नोंद केली आणि पुढच्या बैठकीचा विषय लिहून ठेवला: गटातल्या सगळ्या मुलींची रक्त तपासणी. तुमच्या गटातही हा विषय घ्या.