विंडोज १० ची मुदत संपली. घरचा कम्प्युटर लगेच बदलायची घाई नको

विंडोज १० असलेला कम्प्युटर सुरू केला की हल्ली स्क्रीनवर मुदत संपल्याचा निरोप येतो. तो वाचून 'आता हे मशीन बंद पडणार', असं अनेकांना वाटतं. तसं काही होत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. कम्प्युटर पूर्वीसारखाच चालतो. फक्त सुरक्षेतली भोकं बुजवणारी अपडेट्स यायची थांबतात. ज्या मशीनवर मुलं फक्त गाणी ऐकतात तिथे हे तितकंसं जाणवणार नाही. पण त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार होत असतील, महाडीबीटीचे फॉर्म भरले जात असतील, आधार-पॅनच्या कॉप्या ठेवल्या असतील, तर हे अंगावर काढण्यासारखं नाही.

तरीही पैसे काढण्याआधी एक गोष्ट करा. सुरक्षेची अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळत राहतील अशी सोय घरगुती वापरकर्त्यांसाठी आहे, आणि ती फुकटात मिळू शकते. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी', तिथे 'विंडोज अपडेट'. या पानावर 'एनरोल नाऊ' असं दिसलं तर क्लिक करा. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. कम्प्युटरच्या सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. फोटो-व्हिडिओ वनड्राइव्हवर चढवायची गरज नाही. तिथली फुकटची ५ जीबी जागा भरली की पुढच्या जागेचे पैसे मागतात. बॅकअप नको असेल तर ३० डॉलर भरायचा पर्यायही आहे, पण फुकट मिळत असताना तो कशाला?

आता विंडोज ११ कडे जायचं का? विंडोज १० ची अस्सल प्रत असेल तर अपग्रेड मोफत आहे. अडतं ते मशीनमुळे. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट हवं. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आय३-६००६यू म्हणजे सहावी पिढी, चालणार नाही. आय५-८२५०यू म्हणजे आठवी, चालेल. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे छोटं अ‍ॅप हे सगळं तपासून सांगतं. त्याने टीपीएम नाही म्हटलं तरी निराश होऊ नका. कित्येक मशीनमध्ये ते असतं, बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. मात्र बायोसमध्ये हात घालायला जाणकारच बसवा. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर विंडोज ११ चालेल, पण रखडत. त्यापेक्षा एसएसडी आणि थोडी रॅम टाकून घेतलेली बरी.

आपल्याकडे खरी अडचण डाउनलोडची. फाइल कित्येक जीबीची असते. सायवन किंवा उधव्याच्या पाड्यात मोबाइल हॉटस्पॉटवर, दिवसाच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती उतरवणं म्हणजे तीन-चार दिवस गेले. डहाणू, कासा, नाहीतर तलासरी नाक्यावर ज्याच्याकडे वायफाय आहे त्याच्याकडून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये घ्या. एक पेनड्राइव्ह फिरवून चार घरांचं काम होतं. दुसरं म्हणजे लाईट. पावसाळ्यात डेस्कटॉपवर यूपीएस किंवा इन्व्हर्टरशिवाय हे काम सुरू करू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावूनच.

त्याआधी फाइल्सची कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा. सातबारा, दाखले, चिकूच्या बागेचा हिशेब, लग्नाचे फोटो, सगळं. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं असतील तर तो फॉन्टही कॉपी करा. डिस्क कोरी करून विंडोज टाकलं की फॉन्ट जातो आणि मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

दुकानात मशीन द्यायचं असेल, डहाणूत किंवा वापीला, तर एक अट आधीच घाला: लॉगिन तुमच्याच ईमेलने. विंडोज ११ नव्याने टाकताना बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ आकडी चावी ज्याचं खातं त्याच्याकडे जाते. दुकानदाराने वेळ वाचवायला स्वतःचा ईमेल टाकला आणि पुढे कधी मशीनने ती चावी मागितली, तर तुमच्याच फाइल्ससाठी त्याला शोधत फिरावं लागेल. एवढा छोटा मुद्दा, पण माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा हाच. अपग्रेड पसंत पडलं नाही तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून परत विंडोज १० वर जाता येतं. डिस्क कोरी केली असेल तर नाही.

मशीन बसतच नसेल, तर अटी चुकवून विंडोज ११ घालून देणारे भेटतील. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेट्सची हमी देत नाही, म्हणजे पैसे जाऊन दुखणं तेच. त्यापेक्षा लिनक्स मिंट बघा. फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. युनिकोड मराठी टाइप होतं, ब्राउझर चालतो, वर्ड-एक्सेलच्या साध्या फाइल्स लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. पण घरात कुणी एमएस-सीआयटी करत असेल तर सराव विंडोजवरच लागतो. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनीही थांबावं: अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन यांची सॉफ्टवेअर्स बहुतेक विंडोजसाठीच बनवलेली असतात. बाकीच्यांनी मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावं, डिस्कला हात न लावता. प्रिंटर आणि वायफाय चाललं, तर पुढचं.