ग्रंथपाल, संगणकतज्ज्ञ आणि निर्णय

‘विशाखा’ हा काव्यसंग्रह कुसुमाग्रजांचा आणि ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. संगणकाला मात्र कोणी सांगितल्याशिवाय ते कळत नाही. कार्डांच्या जमान्यात ग्रंथपाल एका नावाच्या कार्डावर ‘दुसरे नाव पाहा’ असे लिहून मोकळा होई. संगणकात हीच सोय करायची तर नोंदींची रचना आधी ठरवावी लागते. आणि इथेच ग्रंथपालाला संगणकतज्ज्ञाचा दरवाजा ठोठवावा लागतो.

दुसरी अडचण लिपीची. पूर्वी संगणकावरील मराठी अक्षरे प्रत्येक फाँट तयार करणारा आपल्या सोयीने बसवीत असे. पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी तो इंग्रजीतले एखादे अक्षर किंवा चिन्ह असे. फाँट बदलला की सगळा मजकूर अगम्य! भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे मानक 1991 मध्ये आले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरीही जुन्या फाँटमधली टंकलेखनाची सवय पुढे बरीच वर्षे टिकली.

अशा जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणायच्या तर खर्च कोणाच्या खात्यातून? तपासणी कोणी करायची? संगणकतज्ज्ञाला रूपांतर जमते, पण ‘शिरवाडकर’ बरोबर उमटले की नाही हे पाहणे त्याला आपले काम वाटत नाही. ग्रंथपालाला चूक दिसते, पण अंदाजपत्रक ठरते त्या बैठकीत त्याला बहुधा बोलावलेलेच नसते. दोघेही आपापल्या कामात निष्णात असतात आणि काम पडून राहते.

अमेरिकेतही हेच दुखणे होते. त्यावर उपाय म्हणून 2000 साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ‘फ्राय लीडरशिप इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. बिली फ्राय हे मूळचे जीवशास्त्राचे प्राध्यापक, पुढे एमरीचे कुलपती, नाव त्यांचेच. ग्रंथपाल, संगणक विभागाची माणसे आणि प्राध्यापक यांना तिथे दोन आठवडे एकत्र राहावे लागे. चर्चेचे विषय यंत्रांचे कमी आणि विद्यापीठाचा पैसा, प्रकाशनाचे हक्क, अध्यापनाच्या गरजा यांचे अधिक. परतल्यावर प्रत्येकाने आपल्या संस्थेत वर्षभर एक काम तडीस न्यायचे. आम्हांला या योजनेत हे वर्षच जास्त मोलाचे वाटते. दोन आठवड्यांत कोणी नेता होत नाही. फार तर समोरच्या खात्याची भाषा कानावर पडते. 2013 मध्ये या उपक्रमाचे नाव बदलले.

आपल्याकडे विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारे ‘इन्फ्लिबनेट’ 1991 मध्ये सुरू झाले, तेही पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या केंद्राचा प्रकल्प म्हणून. 1996 मध्ये ते स्वतंत्र झाले. जाळे विणण्याचे तंत्र त्याने पुरवले, माणसे एकत्र बसवण्याचे काम विद्यापीठांकडेच राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमावलीने पीएच. डी. प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. असे प्रबंध इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ संग्रहात कोणालाही वाचता येतात. पण प्रत विद्यार्थी आणणार, परीक्षा विभाग स्वीकारणार, ग्रंथालय पाठवणार. ती कोणत्या फाँटमध्ये टंकलेली असावी, हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच कोणी सांगायचे?

कोणीच सांगितले नाही तर प्रबंध जुन्या फाँटमध्ये टंकला जातो, त्याचे पान पडद्यावर सुबक दिसते, आणि पानभर ज्वारीची चर्चा असूनही ‘ज्वारी’ हा शब्द शोधला तर काहीच सापडत नाही.