शंभराला तीन

मधमाशीच्या आतड्यातल्या जिवाणूकडूनच तिच्या अंगावरचा व्हरोआ कोळी मारता येतो, असं वाचलं आणि तो कोळी एकदा डोळ्यांनी बघावासा वाटला. फेब्रुवारीत जालन्याकडच्या एका शिवारात गेले. कांदा बीजोत्पादनाचा प्लॉट, पांढरे गोंडे आणि बांधाला भाड्याने आणलेल्या मेलिफेरा मधमाश्यांच्या पेट्या. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर मागून, त्यामुळे माशी नसेल तर बी नीट भरत नाही.

मधपाळ काकांनी धूर देऊन पेटी उघडली. आधी राणी शोधली, तिची चौकट बाजूला ठेवली. दुसऱ्या चौकटीवरच्या अर्धा कप माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत झटकल्या. "अर्धा कप म्हणजे तीनशे धरा, ताई." वरून दोन चमचे पिठीसाखर. बरणी हळूहळू लोळवली, थोडं थांबून पांढऱ्या ताटलीवर पालथी हलवली. पडलेल्या साखरेवर पाणी शिंपडलं, ती विरघळली आणि लालसर तपकिरी ठिपके उरले. चपटे, जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. त्यातला एक चालायला लागला.

"अकरा. शंभराला तीनच्या वर गेलं."

शंभर माश्यांमागे तीन कोळी दिसले की औषध करायचं, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं. दिवसभर दर पेटीला तोच हिशेब. पेटीसमोर मातीत एक कोवळी माशी सरपटत होती, पंख चुरगळलेले. पंख वाकडे करणारा विषाणू मुख्यतः हाच कोळी पसरवतो. आपली सातेरी माशी त्याची मूळ यजमान, ती त्याला बऱ्यापैकी आवरते. परदेशातून आणलेल्या मेलिफेराला ते जमत नाही.

बरणीतल्या पांढऱ्याफटक माश्या काकांनी पेटीत परत सोडल्या. बाकीच्या लगेच त्यांना चाटायला लागल्या, डोक्यापासून पोटापर्यंत. मी बघतच राहिले, कारण मी वाचलेली ती टेक्सासची युक्ती याच चाटण्यावर उभी आहे.

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या शॉन लेनर्ड, नॅन्सी मोरान, जेफ्री बॅरिक आणि सहकाऱ्यांनी जानेवारी 2020 मध्ये 'सायन्स'मध्ये हे काम मांडलं. स्नॉडग्रासेला अल्व्ही हा मधमाशीच्या आतड्यात मुळातच राहणारा जिवाणू. त्यांनी तो असा बदलला की तो कोळ्याच्या जनुकांशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए बनवतो. जिवाणू साखरपाण्यातून माश्यांच्या अंगावर टाकला. एकमेकींना चाटताना तो पोटात गेला. अशा माशीवर पोसलेल्या कोळ्याच्या शरीरात तो आरएनए जातो आणि कोळ्याची स्वतःचीच यंत्रणा त्याची गरजेची जनुकं बंद पाडते. हे कोळी दहा दिवसांत मरण्याची शक्यता इतर कोळ्यांपेक्षा सुमारे 70 टक्क्यांनी जास्त निघाली.

"बीटीसारखंच की," हे ऐकून काका म्हणाले. कापसाच्या मुलखात हा प्रश्न येणारच. पण बीटीत जिवाणूचं जनुक झाडात घालतात आणि झाड विष बनवतं. इथे जिवाणू जिवंत राहून माशीच्या पोटात काम करतो.

काकांना याची गरज किती, ते त्यांनी फॉर्मिक ॲसिडची बाटली उघडली तेव्हा कळलं. नाकात झणका गेला, डोळ्यांत पाणी आलं. पोळ्यातल्या पिल्लांच्या घरांच्या झाकणाखालच्या कोळ्यापर्यंत पोचणारं हे औषध. पण ऊन तिशीपार गेलं की पिल्लांना आणि राणीलाही धोका. मराठवाड्यात फेब्रुवारीतच दुपार तिशी ओलांडते. काकांनी बाटली बंद करून ठेवली.

तरीही मला शंका आहे. पिल्लाच्या आतड्यात हा जिवाणू नसतो; कोषातून बाहेर पडल्यावर तो माशीला बहिणींकडून मिळतो. कोळी मात्र वाढतो झाकणाखाली, पिल्लावरच. म्हणजे तो बाहेर येऊन मोठ्या माशीवर बसेपर्यंत जिवाणूची वाट बंदच. शिवाय प्रयोग झाला प्रयोगशाळेत. तिथल्या काही शे माश्या वेगळ्या आणि उडून दुसऱ्याच्या शिवारात जाणाऱ्या हजारो माश्यांची पेटी वेगळी. आपल्याकडे असा बदललेला जिवाणू सोडायचा तर जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगीही लागेल.

कल्पना देखणी आहे, पण पेटीत यायला अजून वेळ आहे. म्हणून पेट्या ठेवणाऱ्यांना एवढंच सांगणं: बरणी, पिठीसाखर आणि पांढरी ताटली जवळ ठेवा, महिन्यातून एकदा मोजा आणि शंभराला तीन व्हायची वाट बघत बसू नका.