एक पीक, चार नावे : कृषिसंशोधनाच्या सूचीचे शिक्षण

छत्तीसगडमध्ये भाताच्या कापणीपूर्वी दोनतीन आठवडे, खाचरात ओल टिकून असतानाच, उभ्या पिकात एका कडधान्याचे बी फेकतात. ह्या पद्धतीस तेथे ‘उतेरा’ म्हणतात. बिहार व बंगालमध्ये तिचेच नाव ‘पैरा’ आहे. कडधान्याचे नाव छत्तीसगडमध्ये तिवरा, हिंदीत सामान्यतः खेसारी, विदर्भात लाख किंवा लाखोळी, आणि शास्त्रज्ञांच्या लेखी लॅथायरस सॅटायव्हस. रायपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने ह्या पिकावरील संशोधन सूचीत ‘खेसारी’ ह्या शब्दाखाली शोधले आणि निबंध ‘तिवरा’ ह्या शब्दाखाली नोंदलेले असले, तर ते त्याच कपाटात असूनही त्याच्या हाती लागणार नाहीत.

ही अडचण किरकोळ समजू नये. ह्या दाण्यात ओडॅप नावाचे विषारी द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्महिने तोच मुख्य अन्न म्हणून खाल्ला, तर पायांस पंगुत्व येऊ शकते. ह्या भयाने 1961 पासून अनेक राज्यांत त्याच्या विक्रीवर बंदी आली. पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने त्या द्रव्याचे प्रमाण कमी असलेले ‘महातिवरा’ हे वाण तयार केले. आता रोगाविषयीचे निबंध एका नावाखाली, वाणाविषयीचे दुसऱ्या आणि उतेऱ्याविषयीचे तिसऱ्या नावाखाली पडून राहिले, तर शोधणाऱ्यास एकच भाग मिळेल, आणि काही उरले आहे अशी शंकादेखील त्यास येणार नाही.

हे काम ग्रंथपालाचे, असे कोणी म्हणेल. ग्रंथपालास वर्णन आणि वर्गीकरण उत्तम येते हे खरे. परंतु खाचरातील शब्द त्यास अवगत असतीलच असे नाही. ‘श्यामला’ ह्या जांभळ्या पानांच्या भातावरील निबंध त्याच्यापुढे आला, तर तो ‘भात’ आणि ‘पानांचा रंग’ अशी नोंद करून मोकळा होईल. वस्तुतः त्या निबंधाचा विषय तणनिर्मूलन असण्याचा संभव अधिक. करगा, म्हणजे रानटी भात, लहानपणी पेरलेल्या भातासारखाच हिरवा दिसतो, त्यामुळे तो निंदणीत ओळखता येत नाही. पीक जांभळे असले की हिरवी रोपे तेवढी उपटावयाची. छत्तीसगडमधील शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही.

म्हणून कृषी पदवीधर, संशोधन सहाय्यक, कार्यालयातील लेखनिक अशा ग्रंथपाल नसलेल्या माणसांना सूचीचे काम शिकविणे श्रेयस्कर ठरते. शिक्षणाचा पाया सोपा आहे. रंगनाथन यांनी विषयाचे पैलू पाडण्याची जी रीत घालून दिली, तीच येथे घरगुती भाषेत उपयोगी पडते : पीक कोणते, त्याचा भाग कोणता, उपद्रव कशाचा, उपाय कोणता, जमीन कोणती, स्थळ आणि काळ कोणता. ‘भाटा’ ही मुरमाड जमीन आणि ‘कन्हार’ ही काळी भारी जमीन ह्यांतील भेद शेतीच्या माणसास शिकवावा लागत नाही. तो नोंदीत लिहिलाच पाहिजे, एवढे मात्र शिकवावे लागते.

कारण जाणत्या माणसाचा दोष निराळाच असतो. जे त्यास अतिपरिचित, ते तो लिहीतच नाही. फेकून पेरलेल्या भाताच्या शेतात पाणी साचल्यावर उभ्या पिकातूनच नांगर फिरवितात, ही ‘बियासी’ रायपूरकडे सर्वांस ठाऊक. तेव्हा नोंदीत तो शब्द राहून जातो. ओडिशात ह्याच क्रियेस ‘बेउषण’ म्हणतात. तेथील वाचकास रायपूरचा निबंध सापडावा असे वाटत असेल, तर एका मान्य शब्दाखाली नोंद करून दुसऱ्या शब्दापुढे ‘तेथे पाहा’ असे लिहावयास हवे. भातावरील गादमाशीचेही तसेच. छत्तीसगडमध्ये ती ‘गंगई’ आहे. एकच निबंध दोघा शिकाऊंना स्वतंत्रपणे देऊन त्यांच्या नोंदी ताडून पाहणे हा ह्या शिक्षणातील सर्वांत उपयुक्त धडा होय. दोघांची शीर्षके क्वचितच जुळतात, आणि वादास तोंड फुटले की मान्य शब्दांच्या कोशाची गरज निराळी पटवावी लागत नाही.

जागतिक अन्न व कृषी संघटनेची ‘ॲग्रिस’ ही सूची 1975 मध्ये सुरू झाली, तीही प्रत्येक देशाने आपले कृषिवाङ्मय आपणच नोंदवावे ह्या तत्त्वावर. ‘ॲग्रोव्होक’ हा तिचा शब्दकोश पुढील दशकात आला.

नोंदीचे काम मात्र निबंध छापण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. भातशास्त्रज्ञ डॉ. रा. ह. रिछारिया यांनी 1971 पासून रायपूर येथील भात संशोधन संस्थेत राहून छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाच्या गावोगावहून भाताचे हजारो नमुने जमविले. तो संग्रह पुढे कृषी विश्वविद्यालयाकडे आला. 2002 मध्ये विश्वविद्यालयाने सिंजेन्टा ह्या परदेशी कंपनीशी सहकार्याची बोलणी चालविली, तेव्हा हे भात कोणाचे, असा प्रश्न उठला आणि लोकांच्या विरोधामुळे कंपनीने माघार घेतली. 2023 मध्ये धमतरी जिल्ह्यातील ‘नगरी दुबराज’ ह्या सुवासिक भातास भौगोलिक मानांकन मिळाले. अशा अर्जासाठी वाणाच्या उगमाचा पुरावा लागतो. एकाच नावाची निरनिराळी भाते आणि एकाच भाताची निरनिराळी नावे असलेल्या ह्या मुलखात नमुन्याच्या पिशवीवर वाणाचे गावठी नाव, गाव आणि तारीख लिहिणारा माणूस हाच पहिला सूचीकार होय. त्याने गाव लिहावयाचे ठेवले, तर तीस वर्षांनंतर कोणत्याही ग्रंथालयात बसून ते भरून काढता येत नाही.