उशीच्या अभ्र्याला लेस लावताय? आधी हे समजून घ्या

दिवाळीसाठी हौसेने अभ्र्यांना लेस लावली. पण पहिल्याच धुण्यात ती आकसली आणि चांगल्या कापडावर चुण्या पडल्या. असे का होते?

कारण काय?
सुती लेस पाण्यात आटते, पॉलिस्टरची जवळपास आटत नाही. म्हणून सुती कापड आणि सुती लेस, दोन्ही शिवण्याआधी भिजवून, वाळवून इस्त्री करा.

लेस किती घ्यावी?
16 इंची चौकोनी अभ्र्याचा घेर 64 इंच होतो. कोपरे आणि जोडासाठी 4 इंच धरले तर पावणेदोन मीटर पुरते. सुती लेस आटणार, म्हणून 2 मीटर घ्या.

कशी शिवावी?
• अभ्र्याच्या बाजू जोडण्याआधीच पुढच्या भागावर लेस लावा.
• सुरुवात कोपऱ्यातून नको, खालच्या कडेच्या मधून करा.
• आधी कच्चा टाका घाला. लेस ताणू नका. ताणलेली लेस शिवल्यावर मूळ लांबीवर येते आणि कापड गोळा होते.
• कोपऱ्यावर तिरकी घडी घाला.
• रुंद लेसच्या दोन्ही कडा एकाच दिशेने शिवा.
• गोंड्यांच्या लेससाठी मशीनला चेन लावायचा फूट बसवा.

जुन्या साडीचा काठ असेल तर?
आधी हलकेच ओढून पाहा. विरला असेल तर मागे पातळ सुती कापड लावा. जरीवर थेट इस्त्री फिरवू नका. वर सुती कापड ठेवा. असा अभ्रा ड्रायक्लीनलाच द्या. आईच्या साडीचा काठ पुन्हा विकत मिळत नाही!