दफनातील पशु-अस्थी : प्रवराकाठ आणि विदर्भ

पुरलेल्या मनुष्याजवळ पशूचे हाड सापडले की त्यास बळी किंवा परलोकीची शिदोरी मानण्याचा मोह होतो. प्रवराकाठची स्थळे या घाईस आळा घालतात.

राहात्याच्या दक्षिणेकडील या खोऱ्यात जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद येथे ताम्रपाषाणयुगीन वसाहती उजेडात आल्या. इ. स. पूर्व १४०० च्या सुमारास उदयास आलेल्या जोर्वे संस्कृतीचे लोक आपले मृत बहुधा घराच्या जमिनीखालीच पुरीत. बालकाचा देह तोंडास तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत ठेवीत. प्रौढास खड्ड्यात उताणे निजवीत व पुष्कळदा त्याची घोट्याखालील पावले तोडीत. सोबत मातीची भांडी असत. परंतु खड्डा खणला जाई तो राहत्या वस्तीत. तेथील जमिनीत राख, खापरे आणि खाल्लेल्या गुरांची व शेळ्यामेंढ्यांची हाडे आधीच मुरलेली असत, आणि तीच माती पुन्हा खड्ड्यात लोटली जाई. अशा भरावातील एखादे फुटके हाड मृतास अर्पिलेले की चुलीपाशी टाकलेले, हे केवळ सान्निध्यावरून ठरत नाही. ते भांड्यात मुद्दाम ठेवलेले आहे काय, सांधे जुळलेल्या स्थितीत आहे काय, त्यावर शस्त्राच्या खुणा कोठे आहेत, हे पाहावे लागते. पुराप्राणिशास्त्रज्ञाचे खरे काम येथून सुरू होते. नुसती जातींची यादी त्यास पुरत नाही.

विदर्भातील लोहयुगीन शिलावर्तुळांत परिस्थिती निराळी आहे. तेथे दफनभूमी राहत्या घरांपासून अलग असल्याने स्वयंपाकाचा केर मिसळण्याचा संभव थोडा. नागपूरजवळील जुनापाणी येथे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी, आणि माहुरझरी येथे १९७०-७२ मध्ये शां. भा. देव यांनी उत्खनन केले. दोन्ही ठिकाणी मानवी अवशेषांसमवेत अश्वाचे अवशेष मिळाले. माहुरझरीच्या अश्वास्थींवर काप घेतल्याच्या खुणाही आढळल्या आहेत. त्यांवरून बळीचा तर्क केला जातो व तो सयुक्तिक आहे. तथापि काप मारताना पडले की मांस सोडविताना, हे हाडावरील त्यांच्या जागेवरूनच सांगता येते. अंत्यविधीत भोजनही असू शकते, आणि बळी व भोजन यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही.

अश्वाच्या मुखावरील तांब्याची आभूषणे व लोखंडी लगाम या दफनांत मिळतात, हा पुरावा अधिक बोलका आहे. केवळ मांसासाठी आणलेल्या पशूस असा साज चढविण्याचे कारण नाही.